धुराचाही हिशोब असतो
कंपन्यांचे पर्यावरण अहवाल कसे वाचावेत आणि छोट्या कारखानदाराने आपली वही कशी ठेवावी

व्यापाऱ्याच्या कानाला 'दिवाळे' हा शब्द ऐकवत नाही. परंतु नवी मुंबईत बेलापूरजवळ, पनवेलच्या खाडीकाठी याच नावाचे एक जुने कोळी गाव आहे आणि त्याचा कोणाच्या बुडालेल्या धंद्याशी काही संबंध नाही. होड्या, जाळी आणि मासळी यांवर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगले. आज गावाच्या पाठीशी सीबीडी बेलापूरच्या इमारती उभ्या आहेत. उत्तरेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे आणि पूर्वेच्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि थंड हवा जमिनीलगत साचून राहते. अशा वेळी धुराड्यांतून निघालेला धूर वर न जाता वस्तीत उतरतो.

गावातल्या माणसाने विचारले, की हा धूर कोणाचा आणि त्यात काय आहे, तर उत्तर कोठे मिळेल? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नवी मुंबईचे प्रादेशिक कार्यालय याच बेलापुरात, रायगड भवनात आहे. मोठ्या कंपन्या दरवर्षी जाडजूड पर्यावरण अहवाल छापतात. म्हणजे आकडे आहेत. ते वाचायचे कसे, आणि तुर्भे, रबाळे, तळोजा येथे कंपन्यांसाठी सुटे भाग, कपाटे, खोकी, रंगकाम करून देणाऱ्या आपल्या कारागिरांचा त्यांच्याशी काय संबंध, हे आजच्या लेखात पाहू.

ही पद्धत आली कोठून?

माल विकताना त्यातला ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगावा, हा व्यापाराचा जुना नियम आहे. कारखान्याने आपल्या धुराविषयी असेच सांगावे, ही कल्पना मात्र नवी आहे, आणि तिचे मूळ आपल्याच देशातल्या एका मोठ्या दुर्घटनेत आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मरण पावली. भिंतीपलीकडे काय साठवले आहे, याची भोवतालच्या वस्तीला कल्पना नव्हती. त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा करून ठरावीक कारखान्यांना कोणती विषारी रसायने किती सोडली, हे दरवर्षी जनतेसमोर मांडणे भाग पाडले. आपल्याकडे त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि १९९२-९३ मध्ये वार्षिक पर्यावरण विवरणाचा नियम आला. हे विवरण दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत राज्याच्या मंडळाकडे द्यायचे असते. मंडळाचे संमतिपत्र घेणाऱ्या अनेक कारखान्यांनी वर्षानुवर्षे तो नमुना भरला. पण कागद मंडळाकडे जाणे वेगळे आणि शेजाऱ्याला समजणे वेगळे.

हा फरक इंडोनेशियाने १९९५ मध्ये ओळखला. तेथे निरीक्षक थोडे होते आणि न्यायालयांचे काम संथ होते. तेव्हा सरकारने कारखान्यांना पाच रंग दिले : सोनेरी, हिरवा, निळा, लाल आणि काळा. सोनेरी सर्वांत चांगला, काळा सर्वांत वाईट. प्रारंभी हे रंग पाण्यात सोडल्या जाणाऱ्या घाणीवरून ठरत. ज्याला आकडे कळत नाहीत, त्याला रंग कळतो. काळ्या यादीत नाव छापून येईल, या धास्तीनेच काही मालक सुधारणेला लागले. चीनमध्ये मा जुन यांनी २००६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने सरकारी नोंदी एकत्र करून प्रदूषणाचे नकाशे लोकांपुढे ठेवले. परदेशी खरेदीदार त्यात आपल्या पुरवठादाराचे नाव शोधू लागले. म्हणजे दंडापेक्षा ऑर्डर जाण्याची भीती मोठी ठरली.

महाराष्ट्रात हाच प्रयोग ५ जून २०१७ रोजी सुरू झाला. मंडळाने शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्याने कारखान्यांना तारे देण्याची योजना आखली. धुराड्यातून निघणाऱ्या धुळीच्या कणांचे नमुने तपासायचे आणि त्यावरून एक ते पाच तारे द्यायचे. पाच तारे म्हणजे धूर स्वच्छ, एक तारा म्हणजे सर्वांत खराब. या योजनेची खरी किंमत अशी, की तारा कंपनीच्या नावाला नव्हता, त्या त्या कारखान्याला होता. शेजाऱ्याला हवी असते ती हीच माहिती.

आज कोण काय जाहीर करते?

तीन प्रकारची कागदपत्रे वेगवेगळी ओळखावीत.

पहिला प्रकार मंडळाच्या संमतिपत्राचा. १९८१ च्या हवा कायद्याखाली धूर, वाफ किंवा धूळ सोडणाऱ्या कारखान्याला संमती घ्यावी लागते. कोणत्या धुराड्यातून किती मर्यादेपर्यंत काय सोडता येईल, हे त्यात लिहिलेले असते. २०१६ मध्ये उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे गट करण्यात आले. लाल गट सर्वांत जास्त प्रदूषणाचा. नुसते पंक्चरचे दुकान आणि स्प्रे पेंटिंग करणारे गॅरेज एका पारड्यात मोजले जात नाही, म्हणून आपला गट कोणता, हे मालकाला तोंडपाठ असले पाहिजे.

दुसरा प्रकार यंत्राच्या नोंदीचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर व सांडपाण्यावर अखंड मोजणारी यंत्रे बसवण्याचा आदेश दिला. माणूस महिन्यातून एकदा नमुना घेतो, यंत्र रात्रीही मोजते.

तिसरा प्रकार शेअर बाजाराचा. सेबीने मे २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवालाचा नमुना काढला. त्याला उद्योगजगतात बीआरएसआर म्हणतात. बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा झाला. त्याच्या सहाव्या तत्त्वात पर्यावरण येते. वीज, पाणी, कचरा, कार्बन वायू, तसेच नायट्रोजन व गंधकाचे ऑक्साइड, धुळीचे कण आणि हवेत उडणारी सेंद्रिय रसायने यांचे आकडे तेथे द्यावे लागतात. औद्योगिक वसाहतीतल्या ज्या खासगी कंपन्यांचे शेअर बाजारात नाहीत, त्यांना हा नियम लागू नाही. त्यांच्याविषयी विचारायचे तर मंडळाचेच कागद पाहावे लागतात.

अहवाल वाचण्याचे चार धडे

पहिला धडा : एकूण किती आणि उलाढालीमागे किती, हे वेगळे पाहावे. समजा, एका कंपनीची उलाढाल १०० कोटींवरून १५० कोटी झाली आणि तिची धूळ २०० टनांवरून २४० टनांवर गेली. पूर्वी एका कोटीमागे २ टन धूळ होती, आता १.६ टन झाली. कंपनी लिहील, 'प्रदूषण २० टक्क्यांनी घटले'. हिशोब खोटा नाही. पण शेजाऱ्याच्या छातीत कोटीमागची धूळ जात नाही, सगळी धूळ जाते, आणि ती २० टक्क्यांनी वाढली आहे. नुसत्या भाववाढीनेही उलाढाल फुगते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

दुसरा धडा : धुरातले प्रमाण आणि धुराचे परिमाण वेगळे. दर घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम धूळ, हे झाले प्रमाण. धुळीसाठी सर्वसाधारण मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे, काही उद्योगांना ती याहून कडक आहे. आता समजा, एक लहान धुराडे १०० मिलिग्रॅमचे आहे आणि तासाला १०,००० घनमीटर धूर सोडते. गुणाकार केला की तासाला १ किलो धूळ येते. दुसरे मोठे धुराडे ४० मिलिग्रॅमचे, म्हणजे जास्त स्वच्छ आहे, पण तासाला २ लाख घनमीटर धूर सोडते. त्याची धूळ तासाला ८ किलो होते. नियम दोघांनी पाळला, तरी हवेवर भार आठपट कोणाचा, हे उघड आहे. यावरून लहानाने बेफिकीर राहावे असा अर्थ काढू नये. लहान धुराडे बुटके असते, वस्तीच्या मध्ये असते आणि त्याचा धूर थेट शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो.

तिसरा धडा : संपूर्ण कंपनीचा आकडा आणि आपल्या गावाचा आकडा एक नव्हे. बीआरएसआरच्या तक्त्यात हवेतल्या प्रदूषकांची कंपनीभरची बेरीज असते. एखाद्या कंपनीचे पाच राज्यांत दहा कारखाने असले, तर दिवाळे गावाच्या वाऱ्यावर त्यातला किती भाग येतो, हे बेरजेवरून कळत नाही. म्हणून कारखाना कोणता, धुराडे कोणते, असे विचारावे.

चौथा धडा : आकडा तपासला कोणी? सेबीने जुलै २०२३ मध्ये अहवालातल्या नऊ विषयांची त्रयस्थाकडून खात्री करून घेण्याचा नियम केला. तो टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले, २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून. त्या नऊ विषयांत कार्बन, पाणी, ऊर्जा, कचरा आहेत. धुळीचे कण आणि गंधकाचा धूर त्यांत नाहीत. म्हणजे पृथ्वीच्या तापमानाशी संबंधित आकडा बाहेरचा माणूस तपासतो, पण शेजारच्या माणसाच्या फुप्फुसाशी संबंधित आकडा कंपनीच्या शब्दावर राहतो. कार्बन घटला म्हणजे धूळही घटलीच, असे समजू नये. दोन्ही रकाने वेगवेगळे वाचावेत.

नवी मुंबईचा आकडा

२००९ मध्ये केंद्रीय मंडळाने आयआयटी दिल्लीच्या साहाय्याने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात ७० हून अधिक गुण मिळालेली ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली. नवी मुंबईचे गुण होते ७३.७७. या परीक्षेत गुण जितके जास्त, तितकी नापासी मोठी. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना काही काळ बंदी घातली गेली. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेची मानके न गाठलेल्या शहरांच्या यादीतही नवी मुंबईचे नाव होते.

येथे व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की संपूर्ण क्षेत्राला एकच गुण मिळाला. ज्याने धुराड्याला पिशवीचे फिल्टर बसवले तो आणि ज्याने रात्री यंत्रणा बंद ठेवली तो, दोघेही एकाच यादीत आले आणि बंदी दोघांच्याही विस्ताराच्या आड आली. प्रत्येकाचा वेगळा आकडा उघड नसला, की चांगला आणि वाईट एकाच काठीने हाकला जातो.

वेगळा आकडा असला तर काय होते, ते सुरतेत दिसले. तेथे २०१९ मध्ये कापड प्रक्रियेच्या व इतर मिळून सुमारे ३०० कारखान्यांत धुळीच्या अखंड मोजणीचा प्रयोग झाला. त्यांपैकी निम्म्या कारखान्यांना धूळ सोडण्याचे परवाने आपसांत खरेदी-विक्री करता येत होते. ज्याने धूळ कमी केली त्याने उरलेला परवाना विकून पैसे मिळवले, ज्याने जास्त सोडली त्याला विकत घ्यावा लागला. संशोधकांना या कारखान्यांची धूळ इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्के कमी आढळली. कोळशाच्या बॉयलरवर चालणारा धंदा बंद न पडता हे घडले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मंडळींनी या उदाहरणाचा अभ्यास अवश्य करावा.

प्रश्नावली आपल्या दारी

अलीकडे कंपन्यांचे खरेदी अधिकारी पुरवठादारांना लांबलचक प्रश्नावली पाठवतात. वीज किती वापरता, जनरेटर किती तास चालतो, संमतिपत्र आहे काय, रंगाचा गाळ कोठे टाकता. त्यावर सही करण्यापूर्वी नियम समजून घ्यावा. सेबीने २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांकडून पुरवठादारांची माहितीही मागायचे ठरवले होते. मार्च २०२५ मध्ये तिने हा भाग सौम्य केला. पहिल्या २५० कंपन्यांसाठी तो २०२५-२६ पासून ऐच्छिक ठरला आणि कंपनीच्या एकूण खरेदीत किंवा विक्रीत किमान २ टक्के वाटा असलेल्यांपुरताच मर्यादित झाला. छोट्या कारखानदाराचा वाटा बहुधा इतका नसतो. म्हणून 'सेबीने तुम्हाला बांधले आहे' असे कोणी म्हणाले, तर घाबरून जाऊ नये. मात्र कंपनी ही अट आपल्या करारात घालू शकते, आणि तेव्हा ती धंद्याची अट होते. युरोपला जाणाऱ्या लोखंडी व ॲल्युमिनियमच्या मालाला, अगदी नट-बोल्टलाही, तेथील कार्बन शुल्काच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२३ पासून उत्पादनातल्या कार्बनची माहिती द्यावी लागू लागली. निर्यातदाराला माल देणाऱ्यांकडे त्यामुळे हीच विचारणा येते.

अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे प्रश्नावली फेकून देणे. दुसरी म्हणजे सगळीकडे 'होय' लिहून टाकणे. दुसरी चूक पहिलीपेक्षा महाग आहे. खोट्या कागदावर आपली सही राहते, आणि उद्या काही घडले, तर कंपनी तोच कागद पुढे करून हात वर करते.

धुराची वही कशी ठेवावी?

समजा, एक कारखाना लोखंडी कपाटे बनवून त्यांवर पावडर कोटिंग करतो. त्याचा एका महिन्याचा खर्च असा : वीज १,२०० युनिट, जनरेटरचे डिझेल १०० लिटर, भट्टीसाठी गॅसच्या १९ किलोच्या १० टाक्या. ढोबळ मानाने एका युनिट विजेमागे ०.७ किलो, एका लिटर डिझेलमागे २.७ किलो आणि एका किलो गॅसमागे ३ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे विजेचे ८४०, डिझेलचे २७० आणि गॅसचे ५७०, एकूण १,६८० किलो. हा हिशोब पानवाल्याच्या उधारीपेक्षा अवघड नाही. वीजबिल आणि पावत्या हाच त्याचा पुरावा.

त्यापुढे दुसरे पान धूळ आणि वाफेचे ठेवावे. थिनर किती लिटर आणला, ते लिहावे. ज्याचा गाळ किंवा उरलेला भाग परत दिला नाही, तो बहुतेक सगळा हवेत उडाला असे समजावे. जनरेटरच्या धुराड्याची उंची लिहावी. छपराच्या वर किती मीटर हवे, यासाठी केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणतात. २५ केव्हीएला १ मीटर, १०० केव्हीएला २ मीटर. फिल्टर केव्हा साफ केला, पिशवी केव्हा बदलली, धुराड्याची तपासणी कोणत्या मान्य प्रयोगशाळेने केली, संमतिपत्राची मुदत केव्हा संपते, हे सर्व एका वहीत असावे. भट्टीत पेटवण्याचे जळण काय आहे, तेही प्रामाणिकपणे लिहावे. प्लास्टिक, रबर, रंगीत फळ्या जाळून वाचवलेले पैसे शेवटी औषधाच्या दुकानात जातात, कारण त्या धुरात सर्वांत जास्त तास कारागीरच उभा असतो. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्शाहूनही बारीक असतो आणि फुप्फुसात खोलवर जातो. त्याची वार्षिक मर्यादा आपल्याकडे २००९ च्या मानकांप्रमाणे ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचवले.

वहीचा उपयोग फक्त प्रश्नावलीपुरता नाही. केंद्र सरकारच्या झेड प्रमाणपत्र योजनेत २०२२ च्या फेररचनेनंतर सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या खर्चावर ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के अनुदान ठरवले गेले. तेथेही असाच पुरावा लागतो. मुंबईतल्या बेकऱ्यांचे उदाहरण तर ताजे आहे. उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. ज्या मालकाला महिन्याचे लाकूड, त्यावर निघणारे पाव आणि मजुरी यांचा लेखी हिशोब ठाऊक होता, तो गॅसचा किंवा विजेचा खर्च मांडून बँकेसमोर बसू शकत होता. ज्याच्याकडे वही नव्हती, त्याच्याकडे फक्त तक्रार होती.

आपणही विचारू शकतो

हा व्यवहार एकतर्फी नाही. जी कंपनी आपल्याला प्रश्न विचारते, तिला आपणही विचारू शकतो. आपल्या परिसरातल्या कारखान्याचे संमतिपत्र, धुराड्याच्या ताज्या तपासणीचा अहवाल आणि वार्षिक पर्यावरण विवरण, अशी तीन कागदपत्रे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मंडळाकडे मागता येतात. अर्जाला दहा रुपयांचा मुद्रांक लागतो. 'प्रदूषण होते काय' असे मोघम विचारू नये. कारखान्याचे नाव, भूखंड क्रमांक, वर्ष आणि हवा असलेला कागद नेमका लिहावा.

दिवाळ्याचा कोळी रायगड भवनात अर्ज घेऊन गेला आणि त्याच्याबरोबर तुर्भ्याचा एक फॅब्रिकेशनवाला आपली वही घेऊन उभा राहिला, तर त्या अर्जाचे वजन वाढते. ज्याचा स्वतःचा हिशोब उघडा आहे, त्याला दुसऱ्याचा हिशोब मागण्याचा अधिकार पोहोचतो. धंद्याचे दिवाळे निघते ते बहुधा वहीत न लिहिलेल्या कर्जामुळे. हवेचे कर्जही असेच चढत जाते, आणि त्याची वसुली आपल्या मुलांच्या श्वासातून होते. या महिन्याच्या पावत्या फाइलला लावताना एक कोरी वही जवळ घ्यावी आणि पहिल्या पानावर वीज, डिझेल, जळण व थिनर असे चार रकाने आखावेत.